चिमण्यांसारखा दिसणारा पाहुणा : नागपूरच्या शिवारात काळ्या डोक्याचा भारीट कसा ओळखावा

नागपूरहून काटोल, सावनेर किंवा उमरेडच्या दिशेने हिवाळ्यातल्या सकाळी निघालेल्या माणसाला रस्त्यालगतच्या वावरातून एखादा मोठा थवा एकदम उठताना आणि जवळच्या बाभळीवर बसताना हमखास दिसतो, आणि दहांतली नऊ माणसे ‘चिमण्या आहेत’ असे म्हणून पुढे जातात. त्या थव्यात खरोखरच चिमण्या असू शकतात, सुगरणी असू शकतात, मुनिया असू शकतात. परंतु ऑक्टोबर ते मार्च या काळात त्यात हजारो किलोमीटर उडून आलेला एक पाहुणाही असू शकतो. त्याचे मराठी नाव काळ्या डोक्याचा भारीट. तो शोधावा कुठे, ओळखावा कसा, त्याचे वागणे पाहताना कशाकडे लक्ष द्यावे आणि नोंद कशी ठेवावी, हे नवख्या निरीक्षकाला उपयोगी पडेल अशा बेताने येथे लिहिले आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. पुस्तकातल्या चित्रात हा पक्षी काळेभोर डोके, पिवळेधमक पोट आणि तांबूस पाठ घेऊन ऐटीत बसलेला असतो, आणि ते चित्र मनात धरून शिवारात गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. आपल्याकडे थंडीत दिसणाऱ्या भारिटांत माद्या असतात, पहिल्याच हिवाळ्यातली पिल्ले असतात आणि ज्यांच्या डोक्याचा काळा रंग झाकलेला आहे असे नर असतात. म्हणून अभ्यासाची सुरुवात फिक्या, मातकट पक्ष्यापासून करावी. तो ओळखता आला की रंगीत नर ओळखायला वेगळे कष्ट पडत नाहीत. उलट क्रमाने गेल्यास मात्र वर्षानुवर्षे थव्यातला एखाददुसरा नर तेवढा दिसतो आणि बाकीचे सगळे ‘चिमण्या’ म्हणून सुटून जातात.

हा चिमणीच्या घरातला नव्हे

भारीट दिसायला चिमणीसारखा असला तरी त्याचे कुळ वेगळे आहे. आपली घरचिमणी ‘पॅसरिडी’ कुळातली, तर भारीट ‘एम्बेरिझिडी’ कुळातले. गंमत अशी की अमेरिकेत ज्या पक्ष्यांना ‘स्पॅरो’ म्हणतात ते नात्याने आपल्या चिमणीपेक्षा भारिटांना जवळचे आहेत. अलीकडेपर्यंत त्यांना भारिटांच्याच कुळात मोजत असत. युरोपातून गेलेल्या लोकांनी तिथल्या मातकट, दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांना गावाकडच्या चिमणीचे नाव देऊन टाकले आणि तेच रूढ झाले. आपल्याकडेही वेगळे काही घडत नाही, कारण लहान, तपकिरी आणि दाणे खाणारे जे काही असेल ते चिमणी, हा हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

इटलीपासून बाल्कन देश, ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराण हे त्याचे विणीचे क्षेत्र. तिथे उन्हाळ्यात तो झुडपे असलेल्या मोकळ्या जमिनीत, द्राक्षमळ्यांच्या आणि शेतांच्या कडेला, जमिनीपासून फार उंच नसलेल्या झुडपात घरटे करतो. युरोपातले बहुतेक प्रवासी पक्षी थंडीत आफ्रिकेकडे जातात. हा मात्र आग्नेयेकडे वळतो आणि जवळजवळ सगळाच्या सगळा पश्चिम आणि मध्य भारतात येऊन उतरतो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा उत्तर भाग हे त्याचे हिवाळी माहेर. तेहरानपासून नागपूर सरळ रेषेत सुमारे ३,१०० किलोमीटर आहे आणि बल्गेरियाच्या सोफियापासून सुमारे ५,६०० किलोमीटर. पक्षी सरळ रेषेत येत नाही हे गृहीत धरले तर प्रवास याहून लांबचा. जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव हे अंतर मुख्यतः रात्री उडून कापतो. शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची भोरडी, म्हणजे पळसमैना, हीदेखील त्याच बाजूची पाहुणी आहे, आणि ज्वारीच्या शिवारात या दोघांची गाठ पडतेही.

हिंदी पट्ट्यात या पक्ष्याला ‘गंदम’ म्हणतात. फारसीत गंदम म्हणजे गहू. तो कुठे शोधायचा याचे अर्धे उत्तर त्या नावातच आले.

जागा आणि वेळ

सप्टेंबरच्या अखेरीपासून पक्षी येऊ लागतात, परंतु नागपूर भागात शोधायला निघायचे तर नोव्हेंबर उजाडू द्यावा. त्याआधी सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या हिरव्या गर्दीत ते दिसणे अवघड असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ, आणि त्यानंतर गव्हाची कापणी होते तेव्हा मार्चमध्ये आणखी एक संधी मिळते, कारण कापलेल्या वावरात सांडलेला दाणा वेचायला थवे उतरतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यानंतर दिसलेला भारीट ही खास नोंद समजावी.

शहरातल्या शहरात अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या परिसरात फिरणाऱ्यांना इतर अनेक पक्षी भेटतील, पण भारिटासाठी शेती हवी. त्यातही नुसती शेती पुरत नाही. दाणा, काटेरी झाड आणि थोडी पडीत जमीन या तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर असलेली जागा निवडावी. कळमेश्वर, काटोल, सावनेर, हिंगणा, कुही, उमरेड या कोणत्याही बाजूला अशी जागा मिळते. धुऱ्यावर बाभूळ किंवा हिवर उभा आहे, एका अंगाला ज्वारी किंवा गहू आहे, पलीकडे झुडपी जंगलाचा तुकडा किंवा गवताळ बरड आहे आणि मधून पांदण गेली आहे, असे दृश्य दिसले की गाडी थांबवावी. संत्र्याच्या बागेत वेळ घालवू नये. नुसत्या कपाशीच्या सलग पट्ट्यातही फारसे काही हाती लागत नाही.

ज्वारीबद्दल दोन शब्द अधिक. विदर्भात ज्वारीचा पेरा सोयाबीन आणि कपाशीने फार मागे रेटला आहे, आणि त्यामुळे जिथे अजून ज्वारी उभी आहे तिथे आसपासच्या सगळ्या दाणेखाऊ पाखरांची गर्दी होते. निरीक्षकाच्या दृष्टीने ही सोय आहे. ज्याचे वावर आहे त्याच्या दृष्टीने ती आफत आहे, हे विसरता कामा नये. कणसे भरू लागली की गोफण, डबा आणि बुजगावणे यांचा सारा उद्योग सुरू होतो. अशा वेळी कुणाच्या वावरात परस्पर शिरू नये. पांदणीवर थांबावे, माणूस दिसला तर रामराम करावा आणि काय पाहायला आलो ते सांगावे. कुही भागात एका वृद्ध शेतकऱ्याने मला पुस्तकाआधीच निवाडा करून दिला होता : ‘भाऊ, ह्या घरच्या चिमण्या नाही. हे पाखरं थंडीतच येतेत.’ स्थानिक आणि पाहुणा यांतला फरक त्यांना रंगावरून नव्हे, तर काळावरून माहीत होता, आणि तो फरक बिनचूक होता.

वेळ सकाळची. जानेवारीत नागपुरात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो; उजेड पडल्यापासून साडेनऊपर्यंतचे दोन-अडीच तास सर्वोत्तम. दुपारी थवे झाडांच्या गर्दीत विसावतात आणि दिसले तरी हलत नाहीत. संध्याकाळी साडेचारनंतर ते पुन्हा चरतात आणि मग मुक्कामाच्या काटेरी झाडीकडे किंवा उसाच्या फडाकडे तुकड्यातुकड्यांनी निघतात. दुर्बीण आठ पटींची आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची असली तर उत्तम. दहा पटींची दुर्बीण हातात थरथरते आणि थव्यात पक्षी शोधताना दृष्टीचा पट्टा अरुंद पडतो, असा माझा अनुभव आहे. कॅमेरा जवळ असावा, पण आधी दुर्बीण आणि मग कॅमेरा. आधी कॅमेरा उचलणाऱ्याला एकाच पक्ष्याचे चाळीस फोटो मिळतात आणि उरलेला थवा पाहायचा राहून जातो.

ओळख : शेपटीपासून सुरुवात

आकाराने भारीट घरचिमणीपेक्षा थोडा मोठा, सुमारे १६ ते १८ सेंटीमीटर, आणि अंगाने लांबट असतो. हा लांबटपणा मुख्यतः शेपटीमुळे जाणवतो. चिमणी आणि सुगरण तारेवर बसल्या की गोळाबेरीज आखूड दिसतात. त्यांच्या शेजारी भारीट बसला तर त्याची शेपटी लक्षात येण्याइतकी खाली लोंबते. दूरच्या थव्यात हीच पहिली खूण मानावी.

दुसरी खूणही शेपटीचीच. भारिटांच्या बहुतेक जातींत शेपटीच्या कडेची पिसे पांढरी असतात आणि उडताना ती चमकून जातात. काळ्या डोक्याच्या भारिटाच्या शेपटीत पांढरे काहीच नसते. त्याच्यासारखाच थंडीत येणारा राखी मानेचा भारीट उडाला की शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरे दिसते, आणि तेवढ्यावर तो बाद करता येतो. म्हणून थवा उठला की दुर्बीण डोक्यांवर न लावता शेपट्यांवर लावावी. हे सवयीच्या विरुद्ध आहे आणि पहिले दहा-बारा थवे हातचे जातील. नंतर डोळा आपोआप तिकडे वळू लागतो.

तिसरी खूण शेपटीच्या खाली. मादी वरून फिकट तपकिरी असते, पाठीवर गडद रेघोट्या असतात, छाती आणि पोट मळकट पिवळसर असते. परंतु शेपटीच्या बुडाखालची पिसे स्वच्छ पिवळी असतात. घरचिमणीच्या मादीत पिवळा रंग कुठेच नसतो, तिचे पोट राखट पांढरे असते. तारेवर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी खालून पाहायला मिळणे ही म्हणूनच चांगली संधी समजावी, तक्रारीची गोष्ट नव्हे.

यानंतर चेहरा पाहावा. चिमणीच्या आणि सुगरणीच्या मादीला डोळ्यावर स्पष्ट फिकी भुवई असते. भारिटाच्या मादीचा चेहरा साधा, जवळजवळ कोरा असतो, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यात काळा डोळा उठून दिसतो. चोच राखी, शंकूसारखी आणि बऱ्यापैकी लांब. सुगरणीची चोच अधिक जाड आणि बोजड. रानचिमणी, जिला पीतकंठी चिमणीही म्हणतात, तिच्याशी घोळ होण्याचे कारण नाही. तिच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात, खांद्यावर तांबूस डाग असतो आणि ती झाडांवर अधिक रमते.

नराचे वर्णन आता थोडक्यात करता येते, कारण तो चुकवणे अवघड आहे. पाठ विटकरी-तांबूस, गळ्यापासून शेपटीखालपर्यंत पिवळा, आणि गालांसकट सगळे डोके काळे. हिवाळ्यात मात्र त्या काळ्या पिसांच्या कडा फिक्या तपकिरी असतात आणि त्यामुळे डोके धुरकट, काजळ पुसले गेल्यासारखे दिसते. जसजसा फेब्रुवारी-मार्च जवळ येतो तसतशा त्या कडा झिजतात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे वसंतात दिसणारे काळे डोके हे नवे पांघरूण नसून जुने पांघरूण झिजल्याचा परिणाम असतो. एकाच शिवारात डिसेंबर, जानेवारी आणि मार्च अशा तीन फेऱ्या मारणाऱ्याला हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि माझ्या मते या पक्ष्यात पाहण्यासारखे जे काही आहे त्यात हे वरच्या क्रमांकाचे आहे.

एक चूक, जी करू नये

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एका तलावाच्या मागच्या धानाच्या बांधीत मी साठ भारिटांची नोंद केली होती. पिवळसर पोट, रेघोट्यांची पाठ, शंकूसारखी चोच, मोठा थवा. सगळे जुळत होते. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तेव्हा प्रत्येक पक्ष्याला ठळक भुवई होती आणि शेपट्या आखूड होत्या. साठच्या साठ सुगरणी निघाल्या. विणीचा काळ संपला की सुगरणीचा नर आपला पिवळा टोप उतरवतो आणि मादीसारखाच मातकट होतो, हे मला ठाऊक होते. पण मनात भारीट घेऊन गेलेल्या माणसाला भारीटच दिसतो. तेव्हापासून मी एक नियम पाळतो. थव्यातल्या किमान पाच वेगवेगळ्या पक्ष्यांवर शेपटी, शेपटीखालचा रंग आणि भुवई या तिन्ही खुणा तपासल्याशिवाय थव्याला नाव देत नाही. थवे मिश्र असतात, म्हणून एका पक्ष्यावरून सगळ्या थव्याचे बारसे करणेही तितकेच चुकीचे.

दोन सख्ख्या भावंडांचा पेच

लाल डोक्याचा भारीट हा याचा अगदी जवळचा नातेवाईक. तो मध्य आशियात, म्हणजे कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान या बाजूला वीण करतो आणि थंडीत भारतातच येतो; पुष्कळदा दोघांचे थवे एकत्र चरतात. त्याच्या नराचे डोके आणि छाती तांबूस-विटकरी असते आणि पाठ पिवळट हिरवी, त्यामुळे नर वेगळे करता येतात. त्याच्याही शेपटीत पांढरे नसते. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला, उत्तर इराणमध्ये जिथे दोघांची विणीची क्षेत्रे भिडतात, तिथे त्यांचा संकरही होतो.

माद्यांच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांना हात टेकावे लागतात. काळ्या डोक्याच्या मादीच्या पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या वर, तांबूस झाक असते आणि तिची चोच किंचित लांब असते. लाल डोक्याच्या मादीच्या त्याच भागात पिवळट-हिरवट झाक असते. चांगल्या उजेडात, पाठमोरा बसलेला, ताजी पिसे असलेला पक्षी मिळाला तर हे दिसते. झिजलेल्या पिसांत आणि पिल्लांत ते दिसेलच असे नाही. अशा वेळी ‘काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट’ अशी नोंद करावी. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणाऱ्यांसाठी या जोडीचा एकत्रित पर्याय उपलब्ध आहे, तो याचसाठी. न कळलेल्याला नाव न देण्यात कमीपणा काहीच नाही. खोटी खात्री मात्र पुढे नोंदी वापरणाऱ्या प्रत्येकाला छळते.

थवा पाहणे

ओळख पटली की पुस्तक मिटावे आणि अर्धा तास एकाच थव्यापाशी काढावा. भारीट बहुतेक वेळ जमिनीवर किंवा कणसावर चरतात. मागचे पक्षी पुढच्यांच्या डोक्यावरून उडून पुढे उतरतात, मग त्यांच्या मागचे तसेच करतात, आणि त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला सगळा थवा वावरावर लोळत सरकत असल्यासारखा वाटतो. मधेच काही निमित्ताने, पुष्कळदा आपल्याला न दिसणाऱ्या निमित्ताने, सगळे एका झटक्यात उठतात आणि धुऱ्यावरच्या बाभळीवर जाऊन बसतात. पानगळ झालेल्या फांद्यांवर पिवळी पोटे उन्हाकडे करून शे-दीडशे पक्षी बसले की अवेळी बाभूळ फुलल्याचा भास होतो. पाच-सात मिनिटांनी दोन-चार पक्षी खाली उतरतात आणि मग त्यांच्या मागोमाग बाकीचे. ही उतरण्याची वेळ मोजण्यासाठी उत्तम, कारण उठताना पक्षी एकदम उठतात, उतरताना हप्त्याहप्त्याने उतरतात. आधी दहा पक्षी मोजून त्यांनी झाडाचा किती भाग व्यापला ते पाहावे आणि त्या मापाने बाकीचे झाड मोजावे. अंदाज लिहिताना ‘१२० ते १५०’ असे लिहिलेले चालते. ‘खूप’ असे लिहिलेले कुणाच्याच उपयोगाचे नाही.

पक्षी जवळ असेल तर चोचीकडे पाहावे. भारिटांच्या चोचीची कड सरळ नसते, तिला कोन असतो, आणि वरच्या टाळूला आतून उंचवटा असतो. दाणा त्या उंचवट्याखाली धरून जीभ तो फिरवते आणि चोचीची कड टरफल सोलते. जानेवारीतल्या एका सकाळी पांदणीत टाकलेल्या कडब्याच्या पेंढीवर एक मादी माझ्यापासून आठ-दहा फुटांवर बसली होती. ती मान न हलवता नुसती चोच चाळवत होती आणि तिच्या चोचीच्या कोपऱ्यातून ज्वारीचे बोंड एकेक करून गळत होते. एक दाणा संपायला मला दोन श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागत होता. पेंढीच्या खाली बोंडांचा छोटासा थर जमला होता. त्या थरावरून, पक्षी उडून गेल्यावरही, तिथे कुणी किती वेळ जेवण केले याचा अंदाज बांधता येतो.

आवाज साधा आहे : उडताना आणि बसताना ‘चिप’, ‘टिप’ असे तुटक स्वर. सुरेल गाणे ऐकायचे तर विणीच्या मुलखात जावे लागेल. शिवारातल्या इतर मंडळींकडेही लक्ष असावे. भोवत्या हा शिकारी पक्षी वावरावरून तरंगत आला किंवा शिक्रा बाभळीतून सुटला की थवा घट्ट होतो आणि एका अंगाने वळतो. खाटीक आणि कोतवाल हे पक्षी मात्र तारेवर बसून राहतात आणि थव्याला त्यांची पर्वा नसते. मुक्कामाच्या झाडाजवळ संध्याकाळी जायचे असेल तर पन्नास पावलांवर थांबावे, टॉर्च लावू नये आणि ते ठिकाण नेमके कुठे आहे ते सगळ्यांना सांगत सुटू नये. भारिटांचे रंग पाहून त्यांना पिंजऱ्यात ठेवण्याचा शौक पूर्वी होता. लाल डोक्याचा भारीट तर पिंजऱ्यातला पक्षी म्हणून भारतातून युरोपात जात असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता रानपक्ष्यांना पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे. मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवून बोलावण्याचा प्रकारही टाळावा.

जाण्याची तयारी

मार्चमध्ये शिवारात जाणाऱ्याने पक्ष्यांच्या अंगाकडे नीट पाहावे. नागपुरात डिसेंबरात दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा असतो, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो बारा तासांची मर्यादा ओलांडतो. हा पक्षी ऋतू ओळखतो तो थंडी-उन्हावरून नव्हे, तर दिवसाच्या लांबीवरून. भारतातल्या प्रयोगशाळांत, विशेषतः लखनौ आणि मेरठ येथे, काळ्या डोक्याच्या भारिटावर या विषयाचे काम अनेक दशके झाले आहे, आणि प्रकाशाचा काळ बारा तासांच्या पलीकडे वाढवला की हे पक्षी बेसुमार खाऊ लागतात, कातडीखाली चरबी साठवतात आणि काही आठवड्यांत त्यांचे वजन दीडपटीच्या घरात जाते, हे त्यातून दिसून आले आहे. पिंजऱ्यातले पक्षी त्या काळात रात्री झोपेनासे होतात आणि दांडीवर अस्वस्थपणे फडफडत राहतात. बाहेर असते तर ते त्या रात्री वाटेवर असते. शिवारात आपल्याला एवढेच दिसते की पक्षी अधिक वेळ, दुपारच्या उन्हातही, चरत आहेत, अंगाने गोल झाले आहेत आणि नरांची डोकी काळीशार झाली आहेत. गव्हाच्या कापणीचा आणि या खादाडीचा काळ एकच येतो, ही त्यांची सोय.

नोंदवहीत तारीख, वेळ, गाव, पीक, थव्याचा आकार, त्यातले ओळखू आलेले नर किती आणि त्यांचे डोके किती काळे झाले आहे, सोबत इतर कोणते पक्षी होते, एवढे लिहावे. पिकाचे नाव लिहायला लोक हटकून विसरतात आणि पुढे तेच सर्वांत कामाचे ठरते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, यांमधले हे दिवस पहिल्या फेरीसाठी सोयीचे पडतात. दुसरी फेरी फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक पक्षिगणनेच्या चार दिवसांत करावी, म्हणजे एकाच शिवाराची तुलना करता येते. भारिटांची संख्या दरवर्षी सारखी नसते. एखाद्या वर्षी त्याच धुऱ्यावर एकही पक्षी दिसत नाही. त्या वर्षीही जावे आणि वहीत शून्य लिहावे.

शेवटची फेरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी लवकर करावी, कारण नऊनंतर उन्हात उभे राहवत नाही. तोवर गव्हाचे वावर नांगरलेले असते, हिवराखाली सावली पातळ झालेली असते आणि तारेवर बसलेल्या पाखरांत पुन्हा आखूड शेपटीच्या, भुवईवाल्या घरच्याच चिमण्या तेवढ्या उरलेल्या असतात. भारीट ज्या तारखेला अखेरचा दिसला ती तारीख वहीत अधोरेखित करून ठेवावी. पुढच्या वर्षी फेऱ्यांचे वेळापत्रक तिच्यावरून लावता येते.